खळ्यावर मिरच्या असताना

"गायचं तर गा, न्हाईतर मिरच्या हालव. दोन्ही कामं एका टायमाला करू नगंस. तुझं दंताळं तालावर चालतंय आन् मिरच्या हायत्या त्याच कुशीवर निजून ऱ्हात्यात!"

खळ्याच्या पार पल्याडच्या टोकावरनं पिच्चय्या ओरडला, तेव्हा तिरुपतम्मानं दंताळं थांबवून मागं बघितलं. नवऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. जिथं जिथं ती समेवर आली होती, तिथल्या मिरच्या तीन-तीनदा उलटल्या होत्या आणि मधले पट्टेच्या पट्टे कालपासून तसेच उताणे पडले होते.

"अवो, भीम सैपाकघरात शिरत हुता," पदरानं घाम पुशीत ती म्हणाली. "त्येला मधीच दारात कसा उभा करू?"

"त्या भीमाला म्हनावं, सैपाक ऱ्हाऊ दे, हिकडं चार पोती उचलू लाग."

शेजारच्या खळ्यावर देठं खुडीत बसलेल्या बाया खिदळल्या. तिरुपतम्माही हसली. हसली आणि शिंकली. एक नाही, ओळीनं सात. मिरचीच्या दिवसांत रावुलपाडूत माणूस हसला की शिंकतो आणि रडला की खोकतो, त्यामुळं लांबून कुणाचं काय चाललंय ते ओळखूच येत नाही.

माघ सरत आला होता. तळ्याच्या काठानं सगळ्या गावाची खळी एकाला एक लागून पसरली होती. काळ्याभोर रानावर तो लाल रंग असा दिसायचा, की काळ्या चंद्रकळेवर कुणी कुंकवाचा करंडा उपडा केलाय. वर्षाची सगळी कमाई ती अशी उघड्यावर, आभाळाच्या भरवशावर पडलेली. एक सर आली तरी मिरची काळी पडायची, कुजायची. त्यामुळं ह्या दिवसांत रावुलपाडूची माणसं रस्त्यानं चालतानासुद्धा खाली न बघता वर बघत चालत, आणि ठेचकाळत.

तिरुपतम्माचं वय शेहेचाळीस. बाई हाडापेरानं दणकट. पोतं पाठीवर घेऊन निघाली तर दोन गडी वाट सोडायचे. स्वतःविषयी ती स्वतःच सांगायची, "देवाच्या गोदामात घोळ झाला बगा. देह पैलवानाचा, आवाज भोंग्याचा आन् हौस तेवढी सरस्वतीची, असं तीन घरचं सामान माझ्या एकटीच्या पत्त्यावर आलं. परत न्यायला अजून कुनी आलं न्हाई."

ती हौस लागली नऊ वर्षांची असताना. माहेरच्या गावी एक हरिकथेकरीण आली होती. हिरवं लुगडं, गळ्यात हार, पायांत चाळ, हातात चिपळ्या. बाईनं मनात आणलं की पाचशे माणसं हसायची, मनात आणलं की डोळ्याला पदर लावायची. पोरगी घरी आली ती दोन चमचे घेऊन वाजवतच. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, चमचे झिजले. हौस झिजली नाही.

तेहेतिसाव्या वर्षी ती कालव्यापल्याडच्या चिंतपालेमला पुरुषोत्तम दासूंकडं गेली. दासू एकेकाळी हरिकथेतलं मोठं नाव. तेव्हा तोंडात एक दात नव्हता आणि घरात कुणी माणूस नव्हतं. तिरुपतम्मानं दह्याचं गाडगं पुढं ठेवलं आणि पाया पडली. दासूंनी आधी दही खाल्लं, मग तिला गायला लावलं, मग बोट फिरवून गाडग्याचा तळ पुन्हा चाटला.

"पोरी, दही उत्तम हाय," ते म्हणाले.

पण त्यांनी तिला परत पाठवली नाही. दर गुरुवारी दही घेऊन ये, म्हणाले. त्यांना साठ कथा पाठ होत्या; हिला एकच शिकवली, विराटपर्व. "साठ जागी हात-हात खणून पानी लागत न्हाई. एकच हीर खण, पानी लागंस्तवर." अकरा वर्षं ती हीर खणत राहिली. पाऊस असो, कालवा दुथडी असो, गुरुवार चुकला नाही. दोन वर्षांमागं दासू गेले. जायच्या आधी त्यांनी आपल्या चिपळ्या तिच्या हातात दिल्या आणि लगोलग बजावलं, "ह्या तुला दिल्या न्हाईत, ठेवायला दिल्यात. नवऱ्यापुढं आन् म्हशीपुढं गायलं म्हंजे कथा झाली न्हाई. गाव गोळा झालंय, तू देवाम्होरं उभी हाईस, असं एकदा तरी होऊ दे. मग ह्या तुझ्या. तवर माझ्याच."

तेव्हापासून त्या चिपळ्या तिच्या घरी पाहुण्यासारख्या राहत होत्या. धुतल्या फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगलेल्या. ती रोज त्यांना हात जोडायची आणि सरावाला आपले चमचेच घ्यायची.

पिच्चय्या मात्र ती गायला लागली की डोक्याचा टॉवेल कानांवरनं घट्ट बांधून घ्यायचा. "मिरचीची धूळ कानात जाती," म्हणायचा. धूळ नाकात जायची ती त्याला चालायची.

तर त्या दिवशी, शिंका थांबतायत न थांबतायत तोच खळ्यांच्या मधल्या वाटेनं सांबशिवराव येताना दिसले. गावातले मातब्बर, शंकराच्या देवळाचा कारभार त्यांच्याकडं. पांढऱ्या धोतराचा सोगा मिरच्यांना लागू नये म्हणून हातात धरलेला.

"पिच्चय्या, तुझी मंडळी कुठाय?"

"ती काय, भीमाबरूबर सैपाक करतीया."

सांबशिवरावांनी ते ऐकून सोडलं. दरवर्षी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी देवळापुढं हरिकथा व्हायची; दुसऱ्या दिवशी सगळं गाव कोटप्पकोंडाच्या जत्रेला. यंदा ठरवलेल्या बुवांचा फोन आला होता. आवाज बसलाय, म्हणे, फोनवरसुद्धा दुसऱ्यालाच बोलायला लावलं.

"तीन दिसावर शिवरात आली. आता दुसरा कुनी मिळंना. वरीस मोडायचं न्हाई. तवा म्हटलं..." सांबशिवराव घुटमळले. बाईचा स्वर सगळ्या गावाला ठाऊक होता, कारण तो ऐकायला गावाला कधी जवळ यावं लागलं नव्हतं. "तिरुपतम्मा, तू दासूंच्या हाताखाली शिकलीस म्हनं."

"शिकली की!" पलीकडनं रमणम्मा बोलली. ही तिची चुलतजाऊ; जीभ तिची गावात सगळ्यात तिखट, मिरची धरून. "अकरा वर्सं शिकली. म्हस पयल्याच वर्सी शिकली असती. पर आता वासरांत लंगडी गाय शानी म्हनायची."

"गाय तर गाय, वयनी, उभी तर ऱ्हाते!" तिरुपतम्मा म्हणाली. दंताळं तिनं केव्हाच टाकून दिलं होतं. "मामा, मी करते. आत्ता म्हना, आत्ता करते."

"आत्ता नगं. परवाच्या दिशी, उन्हं कलल्यावर. मृदुंगवाला येनार हाय, त्येला काय बुवाचा निरोप पोचला न्हाई." सांबशिवराव निघाले आणि सहज वळून विचारते झाले, "कता कंची लावनार?"

"विराटपर्व!"

शब्द तोंडातनं गेला आणि तळ्याकाठची पन्नास खळी एकदम गप्प झाली. देठं खुडणाऱ्या बायांचे हात थांबले. दोघा-तिघांनी वर आभाळाकडं बघितलं. मग जो गलका उठला!

"अगं बया बया! खळ्यावर मिरच्या हायत्या आन् ही विराटपर्व लावतीया!"

"ढगांस्नी आवतान धाडतीस व्हय?"

"त्येच्यापरीस घागरीनं पानी आनून वोत की आमच्या मिरच्यांवर!"

आषाढात पाऊस रुसला की गावोगाव विराटपर्व लावायचं, ही त्या मुलखाची रीत. पांडव अज्ञातवासात विराटाच्या नगरीत आले आणि त्या राज्यात पाऊसपाणी झालं, तेव्हा ती कथा जिथं होईल तिथं ढग धावत येणार, ह्यात कुणाला शंका नाही. आणि हे तिरुपतम्माला ठाऊक नव्हतं असंही नाही. मागच्या आषाढात तिनंच चिंतपालेमच्या कथेला नारळ वाढवला होता. पण तेरा वर्षं जीव एकाच गोष्टीत अडकला की माणसाला ऋतू दिसेनासे होतात.

"दुसरी कंची तरी लाव," सांबशिवराव कडक आवाजात म्हणाले. "न्हाईतर ऱ्हाऊ दे. नुसतं भजन करू."

आता खरं सांगायचं तर 'मला दुसरी येत नाही' एवढे चार शब्द होते. पण ते बोललं की चिपळ्या आयुष्यभर खुंटीला.

"पार्वतीकल्यान!" तिरुपतम्मा म्हणाली. "शिवरातीला त्येच चांगलं. म्या तर गमतीनं म्हनलं हुतं मामा, विराटाचं."

सांबशिवराव समाधानानं गेले. पिच्चय्यानं कानावरचा टॉवेल सोडला, बायकोकडं बघितलं आणि म्हणाला, "तुला पार्वतीकल्यान येतंय?"

"पार्वतीचं लगीन झालं येवढं म्हाईत हाय."

"कुनासंगं त्ये तरी?"

पुढच्या दोन दिवसांत तिनं काय करायचं बाकी ठेवलं नाही. देवळातल्या पुजाऱ्याकडनं गोष्ट ऐकून घेतली. पदं स्वतः रचली. रचली म्हणजे काय, विराटपर्वाच्या चालींवर पार्वतीचे शब्द बसवले. अडचण एवढीच झाली, की चाल लागली की जुने शब्द आपल्या घरात शिरल्यासारखे शिरायचे आणि नव्या शब्दांना उंबऱ्याबाहेर उभं करायचे. हिमालयाच्या घरी मुलगी जन्मली, असं सुरू करायची; बारशाला द्रौपदी हजर. शंकर तपाला बसायचा आणि उठायचा तो भीम होऊन. गोठ्यात म्हशीपुढं म्हणून बघावं तर म्हशीनं पान्हा चोरला. तिला कीचकवधाची सवय होती.

"काय बी कर," पिच्चय्या जेवताना म्हणाला, "पर पार्वतीला कीचकाच्या गळ्यात बांदू नगंस. शिवरात हाय. देव रागं भरंल."

"अवो, हसू नगासा. माजा जीव जायची पाळी आलीया."

"म्या कुठं हसतोय? म्या शिंकतोय." आणि तो खरंच शिंकला.

तो दिवस उजाडला. उन्हं कलली तसं देवळापुढं गाव जमलं. खळी तिथनं हाकेच्या अंतरावर; सगळ्यांच्या मिरच्यांची राखण पिच्चय्यानं आपणहून घेतली होती. "कर्ना लावलाय, ऐकू हितं बी येनारच. वाचायचा मार्ग न्हाई," म्हणाला आणि टॉवेल डोक्याला बांधून गेला.

तिरुपतम्मानं थोरलीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. चाळ दासूंचे, चिपळ्यांबरोबर आलेले, तिच्या घोट्याला आखूड, म्हणून वरनं सुतळी. मृदंगवाला सुब्रमण्यम हा वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा. बुवांच्या जागी ही बाई बघून त्यानं भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. फक्त विचारलं, "ताल कंचा?"

"जो येईल त्यो," ती म्हणाली.

"बरं," म्हातारा म्हणाला. इतक्या वर्षांत इतकं खरं उत्तर त्याला कुणी दिलं नसावं.

तिनं खुंटीवरनं आणलेलं फडकं सोडलं, दासूंच्या चिपळ्या कपाळाला लावल्या आणि गोविंदाचा गजर केला. गावानं साथ दिली. सूर लागला. हिमालय झाला, मेना झाली, पार्वती जन्मली, रांगली, मोठी झाली. पहिली पाच पदं कशी निघाली ते तिचं तिलाच कळलं नाही. बायका माना डोलवायला लागल्या. रमणम्मासुद्धा डोलवत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं डोलवायची थांबवली.

आणि तिथंच घात झाला. माणूस घाबरलेला असला की जपून चालतो, धीर आला की घसरतो. पार्वती तपाला निघाली. पद असं होतं:

सोडिले महाल, सोडिला शृंगार,
चालली कोमल वनवाटे,
पायी रुते काटा, मुखी एक नाम,
पुढती दिसते...

पुढं दिसायचं होतं ते गौरीशिखर. पण चाल होती पांडवांच्या प्रवेशाची, तेरा वर्षांची मुरलेली. पाय आपोआप थयथय करून वळले, चिपळी कडाडली, आणि तिरुपतम्मानं छाती भरून, हात उंचावून, कर्ण्यातनं चारी वाटांना ऐकू जाईल असं म्हटलं:

"...विराटनगर!"

सगळी सभा उठून उभी राहिली. माणसं आधी वर बघायला लागली, मग एकमेकांकडं, मग तिच्याकडं.

"अगं ए! बस कर!"

"फोनमंदी ढग दावतोय का बघा रं कुनी तरी!"

"मी सांगत न्हवते?" रमणम्मा म्हणाली. "सांगत न्हवते मी?"

सांबशिवराव पुढं झाले. आता हा माणूस 'भजन करा' म्हणणार आणि संपलं, हे तिरुपतम्माला दिसत होतं. तिच्या हातातल्या चिपळ्या एकदम जड झाल्या. दासूंनी त्यांना दुसऱ्या टोकाला धरल्यासारख्या. तिचे डोळे भरून आले. ती बोलली ते गाणं नव्हतं की काही नव्हतं.

"मायबाप हो, बसा. बसा वाईच. खरं सांगते, देवाम्होरं हाय. मला पार्वतीकल्यान येत न्हाई. मला एकच कता येती आन् ती तुमी लावू देत न्हाई. तुमचं बी खरं हाय, माज्या बी मिरच्या हायत्या खळ्यावर. तेरा वर्सं म्या एकच हीर खणली आन् पानी लागलं त्ये भर पुरात!"

कुणीतरी फिसकन हसलं. मृदंगवाल्यानं डाव्या हातानं हळूच एक थाप दिली, 'धुम्'. जणू म्हणाला, चालू दे.

ती थाप ऐकली आणि तिरुपतम्माला आठवलं, की दासू कथेच्या पोटात लहान-लहान गोष्टी सांगायचे. कथेचा बैल दमला की सावलीला थांबवायच्या गोष्टी. तशी सांगायला काय हरकत?

"पार्वतीनं तप केलं," ती म्हणाली, "त्ये पुजारीबाबांनी सांगितलं. आधी फळं खाल्ली, मग पानं खाल्ली, मग पानं बी सोडली. आता तप कसं आसतंय त्ये मला थोडं ठावं हाय, म्हनून सांगते. म्या बी तप केलं. फरक येवढाच, पार्वतीनं खायाचं सोडलं, म्या दासूंला खायाला घातलं. अकरा वर्सं दही! त्यो म्हातारा दर गुरुवारी आधी गाडग्यात बगायचा, मग माज्याकडं. दही आंबट लागलं की त्या दिशी माजा सूर बी आंबट निघायचा."

धुम्, म्हणाला मृदंग.

"पार्वतीला आईनं आडवलं, म्हनाली, 'नगं गं बाई.' मला सासूनं आडवलं न्हाई. म्या गोठ्यात पाय आपटून नाच शिकत हुते, त्ये तिनं दारातनं बगितलं आन् मांत्रिकाला घिऊन आली. त्येनं लिंबाचा डहाळा माज्या पाठीवर आसा हानला, आसा हानला, की त्याच दिशी मला ताल समजला! तवर न्हवता समजत!"

आता माणसं खाली बसली होती. पुढच्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. एका गुरुवारी कालव्याच्या भिंतीवर गिरकी घेताना ती दह्यासकट पाण्यात कशी पडली, आणि गाडगं वाचवायच्या नादात स्वतः बुडायचं कशी विसरली, ते तिनं अंगविक्षेपासह करून दाखवलं. तोच तळ्याकडनं वारा आला. पन्नास खळ्यांची धूळ घेऊन आला. तिरुपतम्मा बोलता बोलता शिंकली. एक, दोन, तीन... तिसऱ्या शिंकेला म्हाताऱ्या सुब्रमण्यमनं बरोब्बर ठेका धरला. चौथी, पाचवी, सहावी तालात. सातवीला समेवर असा तुकडा दिला, की अख्खी सभा "गोविंदा!" म्हणून ओरडली आणि स्वतःही शिंकायला लागली.

"तेरा वर्सं!" नाक पुसून ती म्हणाली. "पांडवांनी बी तेराच..."

"एऽऽ!" सभा एका आवाजात ओरडली.

"चुकले! पांडव कोन त्ये मला म्हाईत न्हाई! कुठं ऱ्हात्यात त्ये बी म्हाईत न्हाई!"

हसण्याचा कल्लोळ ओसरला, तेव्हा ती थोडी थांबली. मग हळू आवाजात, चिपळ्या न वाजवता, म्हणाली, "शंकर परीक्षा घ्याला आला म्हातारा बामन हून. पार्वतीला म्हनला, 'कशापायी येवढा हट्ट? त्येच्याकडं हाय काय? राख आन् साप.' पार्वतीनं लई शब्द न्हाई वापरले. म्हनाली, 'मला आवडतो.' मायबाप हो, मला बी लोकं म्हनली, 'तिरुपतम्मा, तुला आवाज न्हाई, रूप न्हाई, वय न्हाई, कशापायी हा हट्ट?' माज्यापाशी दुसरं उत्तर न्हाई. मला आवडतं. देवाचं नाव चार मानसांत उभं ऱ्हाऊन घ्याला मला आवडतं. शंकर पार्वतीला पावला; मला तुमी पावा. आन् न्हाई पावला, तर पुढल्या वर्सी पुन्यांदा शिंकीन."

देवळातल्या समईची वात पुजाऱ्यानं सारखी केली. मग कुणीतरी नाक ओढलं. आता ते मिरचीनं की कशानं, हे विचारायचं नसतं.

लग्न मात्र तिनं दणक्यात लावलं. मंगलाष्टकं साऱ्या गावाला येत होती, तिला शब्दांची चिंता उरली नाही. कथेत देवाचं लग्न लागलं की ऐकणाऱ्यांनी आहेर करायचा आणि कथेकऱ्यानं तो मोठ्यानं पुकारायचा, ही तिथली चाल. कुणी खण ठेवला, कुणी भोपळा. सांबशिवरावांनी धोतरजोडी ठेवली, शंकरासाठी. शेवटी रमणम्मा उठली आणि ओंजळभर निवडक, देठ काढलेल्या मिरच्या ताटात ठेवून आली.

"रमणम्मावयनीकडनं पार्वतीला मिरच्या!" तिरुपतम्मानं पुकारलं.

"पार्वतीला न्हाई," रमणम्मा जाग्यावरनं म्हणाली, "तुला. दृष्ट काढ. लई बोललीस आज."

आरतीचं ताट वर उचललं, आणि पश्चिमेकडं कुठंतरी गडगडलं.

पहिल्यांदा वाटलं मृदंग. पण सुब्रमण्यमचे दोन्ही हात जोडलेले होते. पुन्हा गडगडलं. तीनशे माणसांनी तिरुपतम्माकडं बघितलं. तिनं वर बघितलं. सगळं गाव तळ्याकडं धावत सुटलं.

तिरुपतम्माही धावली. हिरवं लुगडं खोचलेलं, पायांत चाळ, चिपळ्या कमरेला. पिच्चय्यानं एकट्यानं तोवर पाच खळी झाकली होती. ती छमछम करीत येऊन ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला भिडली. एक खळं झाकलं, दुसरं झाकलं, मग रमणम्माचं. चिंचोके टाकावेत तसे टपोरे थेंब ताडपत्रीवर पडले. टप्. टप्. टप्. मोजून वीस-पंचवीस पडले असतील. आणि ढग तसाच पुढं, कालव्यापल्याड निघून गेला.

गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच निवाडा सुरू झाला.

"नुसतं नाव घेतलं तर येवढे थेंब आले," एक जण म्हणाला.

"नगरापातूर पोचलीच न्हवती, येशीवरच अडवली तिला. आत शिरली आसती तर?"

"तळं फुटलं आसतं!"

सांबशिवराव सगळं ऐकत उभे होते. त्यांनी कनवटीची पान-सुपारी काढली आणि तिरुपतम्माच्या हातात ठेवली. गावाच्या वतीनं कथेचं आवतण द्यायची ती रीत. "यंदा आषाढात पाऊस फिरकला न्हाई, तर विराटपर्व तुजं. सगळं. सात दीस. दुसऱ्या कुनाला बलावनार न्हाई." मग बोट उगारून म्हणाले, "पर मिरची पोत्यात भरून हालंस्तवर त्येचं आक्षरसुदिक तोंडातनं काडायचं न्हाई. झोपंत बी न्हाई. पिच्चय्या, तुज्याकडं लागलं."

म्हणजे तेरा वर्षांनी मान मिळाला, तो तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

घरी आल्यावर तिरुपतम्मा खुंटीपाशी चिपळ्या घेऊन उभी राहिली. "अवो," ती म्हणाली, "दासू म्हनले हुते, गाव गोळा झालंय, तू देवाम्होरं उभी हाईस, आसं होऊ दे. कता पुरी झाली पायजे, आसं कुठं म्हनले हुते?"

"न्हाई म्हनले," पिच्चय्या म्हणाला.

तिनं चिपळ्या खुंटीला टांगल्या नाहीत. उशाशी घेतल्या.

जत्रा झाली, माणसं कोटप्पकोंडाच्या डोंगरावरनं परत आली, पुन्हा ऊन आणि पुन्हा दंताळं. तिरुपतम्मा ओठ आवळून मिरच्या हालवीत होती आणि पहिल्यांदाच सगळे पट्टे सारखे उलटत होते. मधेच तिचे कान टवकारले. कुणीतरी गुणगुणत होतं. हळू, घोगऱ्या आवाजात, पण अगदी चालीवर. भीम विराटाच्या सैपाकघरात शिरत होता. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कानांवरनं टॉवेल बांधलेला पिच्चय्या दंताळं ओढीत तालात पुढं चालला होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. त्याचं त्याला भान नव्हतं.

दंताळं टाकून ती धावली आणि पाठीमागनं जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"अवो, गप! खळ्यावर मिरच्या हायत्या!"

दोघांनी मिळून वर बघितलं. आभाळ निळंभोर होतं. तिनं हात काढला. पिच्चय्यानं अपराध्यासारखा टॉवेल सोडला.

"तुमाला... समदं येतंय?"

"धूळ लई जाती कानात," तो म्हणाला. मग घसा खाकरून, पण जरा दबक्या आवाजात, "आन् एक सांगू का? त्या भीमाच्या परवेशाचं तिसरं कडवं तू रोजच गाळतीस. अकरा वर्सं झाली."

तिरुपतम्मानं कमरेवर हात ठेवले.

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगनार हुतो," पिच्चय्या दंताळं उचलीत म्हणाला. "पर तू थांबलीस कवा?"